मायच्या पाच पायऱ्या

माझी माय देवीवर रुसलेली नाही, हे आधीच सांगून टाकते; लोक उगाच देवीला मध्ये ओढतात. ती रुसलीय आमच्या आण्णांवर, आणि तो रुसवा अडतीस वर्षांचा आहे. म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी थोरला. घरात थोरल्याला देतात तो सगळा मान आम्ही त्याला देत आलो.

आष्टीच्या अलीकडे आमचं गाव आणि गावाच्या डोक्यावर उंबराईचा डोंगर. आमच्याकडे लग्न झालं की दुसऱ्या दिवशी नवरानवरी डोंगरावर जातात. तिथं नवऱ्यानं नवरीला उचलून पहिल्या पाच पायऱ्या चढायच्या, मग दोघांनी चालत वर जाऊन देवीची ओटी भरायची. एका नवऱ्यानं हे आयुष्यात एकदाच करायचं. आता डोंगराला एकशे चाळीस पायऱ्या सिमेंटच्या झाल्यात आणि प्रत्येक पायरीवर देणगीदाराचं नाव रंगवलंय, त्यामुळे तालुक्यातले सगळे पुढारी पायाखाली घेत वर जायला मिळतं. पहिल्या पाच तेवढ्या जुन्या, काळ्या दगडाच्या राहू दिल्यात.

अडतीस वर्षांपूर्वी आमच्या घरी एकाच मांडवात दोन भावांची लग्नं झाली. थोरले सोमनाथआबा, म्हणजे माझे चुलते, आणि धाकटे उत्तरेश्वर, म्हणजे आण्णा. थोरल्याची नवरी केसर, धाकट्याची चंद्रभागा, म्हणजे माझी माय. दोघींच्या हिरव्या साड्या एकाच दुकानातून, एकाच गठ्ठ्यातून आणलेल्या. दोघींचे पदर हनुवटीपर्यंत ओढलेले आणि उंचीही सारखी. डोंगराच्या पायथ्याला वाजंत्री सुरू झाली तसे आण्णा तरातरा पुढे झाले, एका नवरीला उचललं आणि पाच पायऱ्या चढून गेले. पाचवीवर तिला खाली ठेवलं, तिनं पदर वर केला, तर ती केसरकाकू निघाली.

लोक हसून हसून जागच्या जागी बसले. वाजंत्रीवाल्याला फुंकर मारता येईना. आता थोरल्यानं उरलेल्या नवरीला उचलावं म्हटलं, तर थोरल्या दिरानं धाकट्या भावाच्या बायकोला हात लावायचा नसतो. आण्णांनी परत खाली येऊन आपलीला उचलावं म्हटलं, तर गुरव आडवा आला. एका नवऱ्याचं एकदाच. शेवटी दगडाबाई, म्हणजे आमची आजी, मायला म्हणाली, “चल गं, चालत चल.”

माय तिथंच खाली बसली. एकोणीस वर्षांची, घरात येऊन एक दिवस झालेली नवरी, आणि समोर दगडाबाईसारखी सासू. तरी म्हणाली, “ज्यानं हार घातला त्यानं न्यावं. न्हाईतर मी जात न्हाई.”

ती गेली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतर कधीच नाही.

पुढे तीस वर्षं माय आणि आण्णा ऊस तोडायला जात राहिले. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. आण्णांनी तोडायचं, मायनं मोळी बांधायची. मोळी डोक्यावर चढवताना आण्णा म्हणायचे, “लाव गं हात,” आणि माय खालून हात लावायची. मग आण्णा ती मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. माय हे रोज बघायची आणि रोज तेच म्हणायची, “आख्ख्या कारखान्याचा ऊस उचलला ह्या माणसानं. बायको तेवढी न्हाई उचलली.”

आण्णांचं उत्तर ठरलेलं होतं. “चुकलं बाबा.” एवढं म्हणून ते बिडी पेटवायचे. गावात त्यांना ‘खुळा उत्तरेश्वर’ म्हणतात ते तेव्हापासून. कुठं लग्न असलं की कुणीतरी नवरदेवाला म्हणणार, “तोंड बघून उचल रे, उत्तरेश्वर होऊ नको.” आण्णा सगळ्यांच्या बरोबर हसतात. केसरकाकू तर सणावाराला मुद्दाम मायपुढे कंबरेवर हात ठेवून उभी राहायची. “भावजींनी मला असं अल्लद उचललं होतं बाई, फुलावानी.” माय तिच्या अंगावर भाकरीचं पीठ उडवायची.

प्रत्येक नवरात्रात माय डोंगराच्या पायथ्याशी येते आणि छबुबाईच्या नारळाच्या दुकानात पथारी टाकून बसते. ओटीचं सामान कुणाच्यातरी हातून वर पाठवते. तिनं देवीकडे जे काही मागितलं ते सगळं इथूनच मागितलं. मी झाले तेव्हा, माझा धाकटा भाऊ युवराज बारावीत दुसऱ्यांदा बसला तेव्हा, आठ वर्षांपूर्वी आण्णा ट्रकच्या फळीवरून खाली आले आणि मणक्यात गॅप पडला तेव्हा. देवी वर कशी दिसते हे मात्र तिला माहीत नाही. मी लहानपणी वरून उतरले की ती मला जवळ घेऊन विचारायची, “डोळे कसे हायत गं तिचे? नथ हाय का?” मला तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही. आता वाटतं.

या वैशाखात युवराजचं लग्न झालं. नवरी मंगल, परळीकडच्या सिरसाळ्याची, बी.एस्सी. झालेली आणि स्कूटी चालवणारी. मायच्या गुडघ्याची वाटी बदलायची तारीख लग्नानंतरच्या गुरुवारची मिळाली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशननंतर घरातले दोन जिने चालतील, डोंगर विसरा. म्हणजे माय आता गेली तर गेली. मी मांजरसुंब्याजवळच्या शाळेत पोरांना शिकवते, कुणाला काय समजावून सांगायचं ते मला जमतं असा माझा समज आहे. मायला मी आठ दिवस समजावलं. ती म्हणाली, “तू शाळेतल्यांना शिकव.”

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही पायथ्याला पोचलो. तेव्हाच ऊन अंगाला लागायला लागलं होतं. आण्णा टोपी आणि शर्टाच्या आत कंबरपट्टा घालून. केसरकाकू पांढऱ्या पातळात, कारण सोमनाथआबा गेल्याला नुकतंच वर्ष झालेलं. माय छबुबाईच्या दुकानात तिच्या ठरलेल्या जागी जाऊन बसली.

युवराजनं मंगलचं तोंड नीट बघून घेतलं, दोनदा, आणि सगळे आण्णांकडे बघून हसले. आण्णाही हसले. मग त्यानं तिला उचललं. तिसऱ्या पायरीवर त्याचा श्वास लागला, चौथीवर मान लाल झाली, पाचवीवर त्यानं तिला ठेवलं तेव्हा दोघांपैकी कोण जास्त घाबरलं होतं सांगता आलं नसतं. फोटोग्राफर म्हणाला, “दादा, परत एकदा घ्या, ऊन डोळ्यात आलं.” खालून दहा जण एकदम ओरडले, “एकदाच!”

पण मंगल वर जाईना. तिनं साडी सावरली आणि पाच पायऱ्या उतरून सरळ मायपुढे येऊन उभी राहिली.

“आत्याबाई, तुमी आल्याबिगर मी ओटी भरणार न्हाई.”

“मंग नको भरू,” माय म्हणाली.

“मग मी बी इथंच बसते.” आणि ती नवी कोरी साडी घेऊन नारळांच्या पोत्यावर बसली. मी मनात म्हटलं, झालं, आता हिचीही अडतीस वर्षं सुरू.

युवराज म्हणाला, “माय, मी उचलतो की तुला.”

“लेकानं उचलायचं अजून लांब हाय. तवा चौघं लागतील,” माय म्हणाली. छबुबाईनं “काहीबाही बोलू नको गं,” म्हणून तिला दटावलं आणि गिऱ्हाईक आलं म्हणून पलीकडे गेली. माय आमच्याशी बोलत होती, पण डोळे वर होते. झाडांमधून देवळाचा भगवा झेंडा तेवढा दिसतो तिथून. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की मला तिच्याकडे बघवेना. आणि तिला जाता येत नव्हतं, कारण अडतीस वर्षं ज्या गोष्टीवर अडून बसलो ती अशीच सोडली तर ती अडतीस वर्षं कशासाठी होती, हे तिला स्वतःलाच सांगता आलं नसतं.

आण्णांनी टोपी काढली आणि माझ्या हातात दिली.

“चल,” ते मायला म्हणाले. “उचलतो.”

“आण्णा, मणक्यात गॅप हाय!” मी ओरडलेच.

“गुरव कुठं हाय?” ते म्हणाले. “त्येला म्हणावं दंड घे काय घ्यायचा तो. एकदाचं दोनदा झालं तर झालं.”

माय उठली, दोन पावलं पायऱ्यांकडे गेली, मग थांबली. “ऱ्हाऊ द्या आवो,” ती म्हणाली. “गुरवारी माजा गुडघा फोडणार हायत. तुमी बी मोडून पडलात तर मला पाणी कोन देईल?” पण हे म्हणताना तिनं पदर खोचून घेतला होता, हेही मी बघितलं. आण्णा पहिल्या पायरीपाशी वाकले. एक हात तिच्या पाठीमागे, एक गुडघ्यामागे. त्यांच्या तोंडातून कण्हल्यासारखा आवाज निघाला.

केसरकाकूनं त्यांचं मनगट धरलं. “भावजी, बास.”

“वैनी, सोड.”

“न्हाई सोडत. तुमाला शब्द पाळायचा तर पाळा. ह्यांनी जाताना मला बोलायला मोकळं करून ठिवलंय.” ती मायकडे वळली. “चंद्रभागा, त्या दिवशी भावजी चुकले नव्हते.”

वर देवळात कर्ण्यावर आरती लागली होती. छबुबाई पलीकडे कुणाला तरी खण दाखवत होती. बाकीचे लोक फोटोग्राफरला घेऊन चहाला पांगले होते, पायरीपाशी आम्ही घरचेच होतो.

“काय?” माय म्हणाली.

“हळदीच्या सकाळी मांडवाची मेढ रोवताना ह्यांचा खांदा निखळलता. भावजींनीच वढून बसवला. शालीखाली दोन दिवस बांधून फिरले ते. मला बी ठावं नव्हतं. गेल्या साली दवाखान्यात खाटंवर पडले तवा बोलले.” काकूनं पदरानं तोंड पुसलं. “डोंगरावर मला उचलायची येळ आली तवा ह्यांनी भावजींच्या कानात सांगितलं, हात धरंना म्हणून.”

“मंग सांगायचं की चारचौघात, हात दुखतोय म्हणून! लागत न्हाई का मानसाला?”

“कुनाला सांगायचं? आपल्या आत्याबाईंना?” काकू म्हणाली.

तेव्हा मायला आठवलं. मलाही ऐकून माहीत होतं. काकूची सुपारी फुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी आमची गाभण शेळी मेली होती. तेव्हापासून आजी येईल त्याला विचारायची की पोरगी पांढऱ्या पायाची तर नसेल. नुसत्या शेळीवर एवढं. हळदीच्या दिवशीच नवरदेवाचा खांदा गेला असं कळलं असतं, तर काकूला त्या घरात जन्मभर कुणी शुभकार्यात पुढे येऊ दिलं नसतं. आजी तर पुढे चांगली शहाऐंशी वर्षांची होऊन गेली.

“भावजींनी मला उचललं,” काकू म्हणाली, “आन लोक असे हसले, असे हसले, की ह्यांनी कुनालाच उचललं न्हाई हे कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई. आन मी बया, दर सणाला तुला चिडवत ऱ्हायले. ठावं असतं तर जीभ चावली असती.”

माय आण्णांकडे वळली. मला वाटलं, आता हिच्या डोळ्यात पाणी येणार. काहीतरी चुकीचं वाटून घ्यायची मला सवय आहे.

“अडतीस वर्सं!” ती म्हणाली. “अडतीस वर्सं एका ताटात जेवलो, एका खोपीत ऱ्हायलो, आन मला सांगायला काय झालतं तुमाला?”

“शब्द दिलता दादाला.”

“मी काय परकी व्हते?”

आण्णा कमरेवर हात दाबून हळूहळू सरळ झाले. “परकी न्हाईस,” ते म्हणाले. “पन तुला सकाळी सांगितलं असतं, तर दुपारी आष्टीच्या बाजारात कळलं असतं.”

युवराजला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं. मंगल नवी होती, तिला वाटलं तो खरंच खोकला आहे, तिनं पाण्याची बाटली पुढे केली. मायला राग आला, पण नाही म्हणता येईना, कारण सगळ्या गावाला माहीत आहे. माझं लग्न ठरल्याचं मला छबुबाईकडून कळलं होतं.

“लोक तुमाला खुळं म्हणत ऱ्हायले,” माय म्हणाली. आवाज जरा खाली आला होता. “मी बी म्हणत ऱ्हायले.”

“तू जरा जास्तच म्हणायचीस,” आण्णा म्हणाले.

माय त्या पाच पायऱ्यांकडे वळली. मग काकूला म्हणाली, “बाई, लई जड व्हतीस का गं तू तवा?”

“भावजींना इचार,” काकू म्हणाली आणि रडत रडत हसली.

मायनं पातळाचा काठ वर धरला. उजवा गुडघा तिला वाकवता येत नाही, डावा वाकतो पण उचलत नाही. तिनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, जोर केला, आणि ती होती तिथंच राहिली. युवराज पुढे झाला, तिनं त्याला हातानं बाजूला केलं. मग आण्णांकडे न बघताच म्हणाली,

“लावा हात.”

आण्णांनी तिच्या कोपराखाली हात लावला. ती चढली. पहिली. दुसरी. प्रत्येक पायरीला ती थांबून म्हणायची, “लावा,” आणि ते लावायचे. वाकायचं नव्हतं, उचलायचं नव्हतं, नुसता खालून हात लावायचा. हे काम तिनं त्यांच्यासाठी तीस वर्षं केलं होतं, पण त्यांना जमेल की नाही याची तिला खात्री नसावी, कारण मधूनच म्हणायची, “असं न्हाई आवो, जरा खालून.” पाचवीवर पोचल्यावर तिनं मागे वळून बघितलं. मग पुढच्या एकशे पस्तीस पायऱ्या. त्याला दीड तास लागला. मध्ये तीनदा ती बसली, तिन्ही वेळा एकाच पुढाऱ्याच्या नावावर, कारण त्यानं ओळीनं पंधरा पायऱ्या दिल्यात. तिसऱ्यांदा बसताना म्हणाली, “निवडणुकीत पडला बिचारा, पन बसायला बरा हाय.”

वर गर्दी नव्हती. गाभाऱ्याचं दार ठेंगणं आहे, वाकून जावं लागतं. मी मायचं डोकं खाली दाबून तिला आत नेलं. उंबराई म्हणजे शेंदूर लावलेली एक शिळा, पुरती हातभरसुद्धा नाही, चांदीचे डोळे आणि हिरवं लुगडं नेसवलेली. माय समोर बसली आणि बघत राहिली. किती तरी वेळ बघत राहिली. मंगल ओटीचं ताट धरून शेजारी बसली होती, तिचे हात भरून आले तरी ती हलली नाही. पोरगी चांगली आहे.

“एवढीशीच?” माय शेवटी म्हणाली.

तिनं आपला हात शिळेशेजारी धरून बघितला.

“आगं, हिला तर खाली उचलून आनता आली असती!” माय म्हणाली, आणि देवीपुढेच पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मग दोन्ही एकदम चाललं होतं. गुरवाला काय करावं कळेना, त्यानं घंटा वाजवली.

ओटी दोघींनी मिळून भरली. मायनं आणखी एक नारळ मागवला आणि केसरकाकूला आत बोलावलं. काकू दाराशीच घुटमळली. विधवेनं ओटी भरायची नसते म्हणतात. माय म्हणाली, “ये आत. पाच पायऱ्या तू चढलीस, मी बसून ऱ्हायले. त्या दिवसाचा तुजा आन माजा एकच नारळ हाय.” काकू आली. गुरव तोंड उघडत होता, मायनं त्याच्याकडे बघितलं, त्यानं मिटलं.

उतरताना दुपार झाली. पायथ्याला छबुबाई आमची वाट बघत दुकानाच्या बाहेरच उभी होती. मायला पायऱ्यांवरून येताना बघून तिनं कपाळावर हात मारला.

“चंद्रभागा! आगं तू वर गेलतीस! कुनी उचललं गं तुला?”

मी माझ्या मायला ओळखते. पोटात गोष्ट ठेवायची म्हटलं की तिला रात्रभर झोप येत नाही. काकूनं माझा हात धरला. आण्णा टोपी घालत होते, त्यांचे हात तसेच थांबले.

मायनं छबुबाईच्या पोत्यावर बैठक मारली, गुडघा लांब केला, आणि सुस्कारा सोडला.

“कुनी उचलतंय बाई!” ती म्हणाली. “आमच्या ह्यांनी आज मोठी कंबर कसली, मी पदर खोचून तयार, आन निघाले कुनाकडं? दुसऱ्याच बाईकडं! म्हणलं, ह्या मानसाचं काय खरं न्हाई. आपल्याच पायानं गेलेलं बरं.”

छबुबाई इतकी हसली की तिला नारळांचा ढीग धरून उभं राहावं लागलं. शेजारच्या हारवालीला तिनं तिथूनच ओरडून सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते आष्टीला पोचणार, यात शंका नव्हती. ही गोष्ट मी लिहितेय ती एवढ्याच भरवशावर की छबुबाईला वाचायला सवड नसते.

आण्णा मायकडे बघत उभे होते. सगळे हसत होते, म्हणून त्यांनीही हसायला तोंड उघडलं, पण त्यांना जमलं नाही.

“चुकलं बाबा,” ते कसंबसं म्हणाले.

मायनं प्रसादाचं खोबरं त्यांच्या हातावर ठेवलं. “खा,” ती म्हणाली. “आन लावा हात. मला उठायचं हाय.”